चौदा क्रमांकाचे रीळ

दिनांक १४ मे २०२५, बुधवार. सकाळचे दहा वाजून बेचाळीस मिनिटे. पत्राच्या ओळी एकोणीस. त्यांपैकी अठरा ओळी कौतिकराव सोनवणे यांनी स्थिर हाताने वाचल्या. एकोणिसाव्या ओळीपाशी फोन हातातून सुटला आणि फरशीवर पालथा पडला. तो उचलायचे सोडून ते त्याच्याकडे नुसते पाहत राहिले, खाटेखालून निघालेल्या विंचवाकडे पाहावे तसे. "आबा, काय पडलं?" स्वयंपाकघरातून मृणालीने विचारले. "फोन." "फुटला?" "नाही." "मग उचला की. का पंचनामा व्हायचाय?" मुलीच्या अशा बोलण्यावर ते एरवी हसत. आज त्यांनी फोन उचलून पुसला, चष्मा पुसला, आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. जणू दुसऱ्या वाचनात शेवटची ओळ बदलणार होती.

पत्र अमेरिकेतून आले होते, ईमेलने. लिहिणाऱ्या बाईंचे नाव डोरीन टॅगर्ट. त्यांचे वडील लायनेल टॅगर्ट गेल्या नोव्हेंबरात सत्त्याऐंशीव्या वर्षी वारले. आयुष्यभर त्यांनी आपल्या देशातल्या जुन्या गाणाऱ्यांचे आवाज फितीवर उतरवले होते : पहारींनी रेल्वेचे रूळ सरकवताना टोळीला ताल देणारे मुकादम, कोळशाच्या खाणीतून खोकला घेऊन परतलेले म्हातारे, चर्चच्या पायरीवर बसून गाणाऱ्या आंधळ्या बाया, डोंगरातले फिडलवाले. रिळे दोनशे अकरा, प्रत्येकावर क्रमांक. ग्रंथालयाने ताब्यात घेताना मोजली तेव्हा दोनशे दहाच भरली. चौदा क्रमांकाचे रीळ नव्हते. त्या रिळावर रूफस होता. टॅगर्टांच्या आजोबांचा भाऊ, बँजो वाजवणारा. १९६६ साली, ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने एकच गाणे एकदाच दिले, आणि पुढच्या हिवाळ्यात तो गेला. 'त्याचा बँजो आता माझ्याकडे आहे,' डोरीनबाईंनी लिहिले होते. 'मी तो वाजवते. पण त्याचा अंगठा आखूड पाचव्या तारेवर नेमका केव्हा पडत असे, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.' आणि शेवटची ओळ : वडिलांच्या वहीत चौदा या आकड्यासमोर लिहिले आहे, 'कौतिककडे आहे. त्याला जमेल तेव्हा तो सांगेल.'

म्हणजे टॅगर्टांना माहीत होते. सत्तेचाळीस वर्षे माहीत होते. भीतीचीही जाती-प्रकारांनी वर्गवारी करता येते, असे कौतिकरावांना आयुष्यभर वाटत आले होते. धुळ्याच्या तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयात चौतीस वर्षे काढलेला माणूस, त्याला तक्ता मांडल्याशिवाय चैन पडत नसे. पकडले जाण्याची भीती वेगळी. ती ओळखीची होती, तिच्यासोबत जेवता-झोपता येत होते. पण आपण केव्हाच पकडले गेलो होतो, आणि पकडणाऱ्याने काही न बोलता आपली वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता तो मरून गेला, ही भीती त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसेना. आत मृणालीने मिक्सर सुरू केला. कौतिकराव उठले, चपला घातल्या आणि जिन्याने खाली उतरले. दळण्याचा आवाज त्यांना सोसत नसे. घरात सर्वांना वाटे की आबांचे कान हळवे आहेत.

खाली कडुनिंबाच्या सावलीत उभे राहिले तरी ऊन तळव्यांतून वर चढत होते. त्यांना रीळ कुठे आहे ते माहीत होते. लोखंडी कपाट, खालचा कप्पा, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. गेली दोन वर्षे मृणाली विचारत होती, "आबा, कपाटात लोणचं लपवलंय का? आंबूस वास येतो." ती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, एकदा तर दार उघडून, नाक आत घालून तिने निदानच केले होते, "ॲसेटिक ॲसिड. शिरका. काहीतरी सडतंय तुमचं." त्यांनी विषय बदलला होता. त्यांना ते निदान तिच्या आधीपासून ठाऊक होते. जुन्या ॲसिटेटच्या फितीला एकदा तो वास सुटला की ती आकसते, कडांनी वळते, आणि वरचा तपकिरी थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. आवाज त्या थरात असतो. हे त्यांनी वर्गात शिकवले होते. वास सुटल्यावर किती अवधी उरतो तेही शिकवले होते. तरीही दोन वर्षे ते कपाट रोज उघडत होते, वरच्या कप्प्यातून धुतलेला सदरा घेत होते आणि बंद करत होते.

१९७८ च्या नोव्हेंबरात ते चोवीस वर्षांचे होते, प्रयोगशाळेत मदतनीस, नोकरीला दुसरे वर्ष. प्राचार्यांनी बोलावून सांगितले, एक अमेरिकन गृहस्थ आले आहेत, आपल्या वस्त्यांमधली गाणी ऐकायची आहेत त्यांना, तू जा सोबत, कॉलेजचा टेपरेकॉर्डर घेऊन जा. कौतिकला वाटले होते गोरा साहेब असेल. एस.टी. स्टँडवर उभा असलेला माणूस त्याच्यापेक्षाही काळा होता, उंच, वाकून बोलणारा, पाठीवर एक गोल पेटारा. बसमध्ये साक्रीपर्यंत लोक त्याच्याकडे पाहत होते आणि तो खिडकीबाहेरच्या कापसाकडे पाहत होता. "माझ्या आजोबांनी हेच वेचलं," तो म्हणाला. इंग्रजीत बोलत असे, सावकाश, कौतिकला समजेल असे. मग पेटाऱ्यावर थाप मारून त्याने सांगितले की हे वाद्य गोऱ्या डोंगरवाल्यांचे आहे असे आता सगळे समजतात, पण हे आफ्रिकेतून आले. जहाजांच्या पोटात साखळ्यांनी बांधून आणलेल्या माणसांच्या बोटांत आले. त्या माणसांनी पलीकडे पोचल्यावर भोपळा कोरला, त्यावर कातडे ताणले, तारा बांधल्या. पुढे गोऱ्यांनी तोंडाला काजळी फासून त्यांची नक्कल केली, तिकिटे लावली, आणि वाद्य कोणाचे होते हे हळूहळू पुसले गेले. "१९२७ च्या सुमारास," तो म्हणाला, "कंपनीचा माणूस मेणाच्या तबकड्या घेऊन आमच्या गावच्या हॉटेलात उतरला. जाहिरात आली, गाणाऱ्यांनी यावं. रूफस बँजो घेऊन गेला. अकरा मैल, पायी. त्याला मागच्या दाराने आत घेतलं, बँजो बघितला आणि म्हणाले, काळ्यांकडून आम्हाला ब्लूज हवेत, बँजोची गाणी गोऱ्यांच्या यादीत जातात. याद्या दोन होत्या. गाणी एकच होती." रूफस परत आला. त्याच्याकडून गाणे शिकलेला एक गोरा शेजारी दुसऱ्या दिवशी गेला आणि तेच गाणे देऊन आला. तबकडीवर त्याचे नाव छापले गेले. कोणत्या दाराने आत यायचे हे आधीच ठरवणारी घरे कौतिकलाही माहीत होती. टॅगर्ट म्हणाला, "तू यंत्र धरणारा आहेस म्हणून सांगतो. यंत्र धरणाऱ्याचं नाव राहतं, गाणाऱ्याचं जातं. हे आपण दोघांनी लक्षात ठेवायचं."

हे वाक्य कौतिकरावांना तारखेसकट आठवत होते. आठवत नव्हते ते दुसरेच काहीतरी. गावी, पिंपळनेरच्या पलीकडे पांझरेकाठच्या वस्तीत, मायने गाण्याआधी एक वाक्य उच्चारले होते. ती काहीतरी म्हणाली होती आणि त्यांनी काहीतरी उत्तर दिले होते. तेवढी जागा कोरी होती. फळ्यावरचा एखादा चौकोन कोणीतरी ओल्या फडक्याने पुसावा तशी. सत्तेचाळीस वर्षांत कितीदा तरी झोपेतून जागे होता होता ते वाक्य ओठांपर्यंत आले होते, आणि प्रत्येक वेळी कौतिकराव पुरते जागे झाले होते.

संध्याकाळी त्यांनी धुळ्याला फोन लावला. असलम हा त्यांचा पदविकेचा वर्गमित्र. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्याचे दुरुस्तीचे दुकान. कॉलेजचा तो टेपरेकॉर्डर भंगारात निघाला तेव्हा असलमनेच तो उचलला होता आणि दरवर्षी तेलपाणी करून चालू ठेवला होता. "तुझ्याकडे ते यंत्र अजून फिरतं का?" कौतिकरावांनी विचारले. "फिरतं म्हणजे? तुझ्या-माझ्यापेक्षा बरं फिरतं. त्याला गुडघे नाहीत." "मला एक रीळ वाजवायचंय." "शिरक्याचा वास आला का?" असलमने विचारले. "आलाय." "कधीपासून?" "दोन वर्षं." "मास्तर," असलम म्हणाला, "पोरांना शिकवताना फार कडक होतास तू." असलमनेच मग मुंबईतल्या एका जाणकाराला विचारून घेतले. फितीच्या दोन्ही बाजू एकदम वाचणारे यंत्र त्याच्याकडे होते, पण त्याने फोनवरच सांगितले की वास दोन वर्षांचा असेल तर मे महिन्याच्या उन्हात प्रवासाला लावू नका. जवळ यंत्र असेल तिथे न्या, आणि एकदाच वाजवा. दुसऱ्यांदा वाजेल असे धरू नका.

जळगावहून एरंडोल, पारोळा, मग धुळे. तीन तासांचा तो प्रवास त्यांनी डबा मांडीवर घेऊन केला, वर घडी केलेला ओला टॉवेल. पत्र्याच्या फटीतून वास येत होता. शेजारच्या बाईंनी विचारले, "लोनचं शे का, नाना? लेकीकडे?" ते हो म्हणाले. खोटे बोलणे किती सोपे असते, आणि ते किती लहान वाक्यात मावते. त्या दिवशीही ते तीनच शब्दांत मावले होते. बस उन्हात थरथरत होती आणि कौतिकरावांच्या डोळ्यांसमोर त्यांचाच फळा उभा राहिला. टेपची फीत म्हणजे पाव इंच रुंदीचा रस्ता, असे ते पोरांना सांगत. काही यंत्रे सगळा रस्ता व्यापून चालतात. काही अर्ध्याच रस्त्यावरून जातात आणि उरलेला अर्धा परतीसाठी मोकळा ठेवतात. रीळ उलटे केले की दुसरी बाजू. कॉलेजचे यंत्र अर्ध्या रस्त्याचे होते. चोवीस वर्षांच्या कौतिकने दुसरे यंत्र पाहिलेच नव्हते. प्रत्येक फितीला दुसरी बाजू असते आणि ती सहसा रिकामी असते, हे त्याच्या लेखी दिवसाला रात्र असते इतके स्वच्छ होते. टॅगर्टचे यंत्र सगळा रस्ता व्यापणारे होते. रूफसचे गाणे फितीच्या पूर्ण रुंदीवर पसरले होते. त्या रिळाला दुसरी बाजू नव्हतीच.

मायने, झुंबरबाईने, तीन दिवस गायला नकार दिला होता. टॅगर्टशी तिचे छान जमले होते. त्याचे नाव तिने तगरभाऊ करून टाकले होते. त्याने बँजो काढून भोपळ्याची गोष्ट सांगितली, कौतिकने ती तिला समजावली, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली होती. "मंग हाई तं आपलं तुनतुनंच शे. इतला दूर जाईसन काय नवं बनाडं यास्नी?" पण गाणे म्हटले की मान हलवायची. चौथ्या दिवशी टॅगर्टच्या यंत्राचे सेल संपले आणि तो सायकल घेऊन पिंपळनेरला गेला. तो नजरेआड झाल्यावर माय जात्याशी बसली. "गया का तो? आते लाव तुन्ही पेटी. परका मानूससमोर माले लाज येस." कोरी रिळे टॅगर्टच्या कुलूपबंद पेटीत होती. फळीवर एकच रीळ होते, तळहाताएवढे, चौदा क्रमांकाचे. संध्याकाळी गावाला रूफस ऐकवायचा म्हणून त्याने बाहेर काढून ठेवलेले. कौतिकने ते उलटे करून कॉलेजच्या यंत्रावर चढवले. मग माय ते वाक्य म्हणाली, जे आठवत नाही. मग तिने पहिली मूठ टाकली आणि गायली. 'दयन दयता उजाडी गयं, मन्हा पोऱ्यानी शाया दूर.' ओवी तिने स्वतःच जोडलेली होती. कौतिक रोज पाच मैल चालत शाळेत जायचा तेव्हाची. फीत संपेपर्यंत ती गात राहिली, आणि फीत संपली तेव्हा रीळ आपोआप पहिल्या बाजूच्या आरंभाशी आलेले होते. कौतिकने ते डबीत ठेवून पुन्हा फळीवर मांडले. टॅगर्टला सांगून चकित करायचे, असे त्याच्या मनात होते.

चकित तो झालाच. दिवेलागणीला विहारापुढच्या अंगणात चाळीसएक माणसे बसली होती. टॅगर्टने नवे सेल घातले, हात जोडले, आणि यंत्र सुरू केले. बँजो आला, तालावर पडणाऱ्या पहारींसारखा, आणि म्हाताऱ्याचा खरबरीत आवाज. आणि त्याच्यावर, त्याच्या मधून, दुसरे काहीतरी. कोणीतरी बाई शब्द आत ओढून घेत होती. प्रत्येक श्वास शेवटापासून सुरू होत होता. हुंदका आधी येत होता आणि रडे मागाहून. आणि खालून दगडाची घरघर, गिळत जाणारी. पोरे रडू लागली. कोणीतरी उठून बुद्धमूर्तीपुढचा दिवा मोठा केला. माय कौतिकच्या शेजारी बसली होती. तिने त्याचा दंड धरला. तिची बोटे गार होती. "कोन बाई शे रे ती? कसाले रडी ऱ्हायनी?" कौतिकला त्या क्षणी सगळे कळले. एका क्षणात, संपूर्ण, आकृतीसकट. उपायही कळला : कॉलेजचे यंत्र दहा पावलांवर होते. त्यावर हेच रीळ लावले की त्याचा अर्धा रस्ता स्वच्छ वाजेल, रूफस एकटा गाईल. उलटे केले की माय एकटी गाईल. काहीच बिघडलेले नाही. पण उपाय सांगायचा तर चूक सांगावी लागणार होती. परक्या माणसाची एकुलती एक वस्तू न विचारता घेतली. सरकारी कामावर. दुसरे वर्ष, नोकरी कायम झालेली नव्हती. टॅगर्टने यंत्र बंद केले होते आणि तो अंधारात त्याच्याकडे पाहत होता. "काय झालं?" "ऊन लागलं असेल," कौतिक म्हणाला. "बसच्या टपावर." टॅगर्टने ते शब्द पुन्हा उच्चारले. "ऊन. नोव्हेंबरात." मग त्याने रीळ डबीत घातले आणि डबी कौतिकच्या हातात दिली. "माझ्याच्याने हे फेकवणार नाही. तू ठेव." तो तेव्हा रागावला नाही, आणि कौतिकरावांना आता कळत होते की त्यांना सत्तेचाळीस वर्षे ज्याची भीती वाटली ते नेमके ते न रागावणे होते.

माय त्यानंतर गायली नाही. वस्तीत लोक म्हणू लागले की जात्यावरची कोणीतरी मेलेली बाई त्या पेटीत शिरली. "भूत-बित काही ऱ्हास नही," माय त्यांना ठणकावून सांगायची. छप्पन साली नागपूरला जाऊन आलेली बाई ती. पण जात्याशी बसली की ओठ मिटलेले. पुढे गावात चक्की आली आणि ती सुटली. सोळा वर्षे ती त्याच्या घरी येत-जात राहिली, नातीला अंगाखांद्यावर खेळवले, आणि एकदाही, अंगाईपुरतेसुद्धा, तिने तोंड उघडले नाही. 'माय, ती तूच होतीस, उलटी वाजत होतीस,' एवढे वाक्य त्याला म्हणता आले असते. १९९४ साली ती गेली, तेव्हा मृणाली पाच वर्षांची होती. तिला आजीचा आवाज आठवत नाही.

असलमने दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतले होते, ऊन आत येऊ नये म्हणून. पंखा बंद केला, फीत हलते. यंत्राचे भाग त्याने सकाळीच स्पिरिटने पुसले होते, वायर संगणकाला जोडली होती. डबा उघडल्यावर त्याने तोंड फिरवले. "या अल्ला. मास्तर, हे रीळ आहे की कैरी?" मग भिंग लावून पाहिले आणि त्याची थट्टा थांबली. कडा वाटीसारख्या वळल्या होत्या. दोन ठिकाणी तपकिरी थराला भेगा. "ऐक," तो म्हणाला. "एका बाजूला एकदा जाईल. दुसरीला जाईल याची मी जबाबदारी घेत नाही. थर उचलतोय. आईची बाजू आधी लाव. तुझं रीळ, माझं मशीन. कोण विचारणार आहे?" कौतिकराव स्टुलावर बसले. गुडघ्यांवर ठेवलेले दोन्ही हात त्यांना कोणा दुसऱ्याचे वाटत होते. "त्याची लाव," ते म्हणाले. "पहिली." "विचार कर. तिकडे त्यांच्याकडे दोनशे दहा रिळं आहेत. तुझ्याकडे आईचं काय आहे? एक रेशनकार्डाचा फोटो." "रूफसला एकदा मागच्या दाराने परत पाठवलंय, असलम." असलमला ती गोष्ट माहीत नव्हती. त्याने रीळ पहिल्या बाजूने चढवले. हे बोलताना आपला आवाज न्यायाधीशासारखा निघाला, याची कौतिकरावांना लाज वाटली. कारण आत, फार आत, त्यांना हेही दिसत होते की मायची बाजू मागे ठेवण्यात फक्त न्याय नव्हता. मायचे ते वाक्य त्या बाजूच्या अगदी सुरुवातीला होते. ते वाक्य ऐकण्यापेक्षा आपण सबंध गाणे गमवायला तयार आहोत की काय?

रूफस आला. एकटा, स्वच्छ, जणू शटरच्या पलीकडे ओट्यावर बसून. आधी खुर्ची करकरली, मग नखाने तार खाली मारल्याचा आवाज, आणि लगेच अंगठा, आखूड तारेवर, तालाच्या किंचित मागे. पहारी एकदम पडण्याआधी मुकादम जो अर्धा श्वास थांबतो, त्या अर्ध्या श्वासात. डोरीनबाई जे विचारत होत्या ते हेच. कौतिकरावांना ते इंग्रजी अर्धेही कळत नव्हते, पण रूळ कळत होता, सरकणारी माणसे कळत होती, आणि अकरा मैल चालून परत आलेल्या माणसाने उरलेली चाळीस वर्षे हे गाणे कोणाला न विकता जपले आहे, हे कळत होते. फीत दोनदा तुटली. दोन्ही वेळा असलमने श्वास रोखून, ब्लेडने कापून, चिकटपट्टीने सांधली. यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटी साचत होती. शेवटचा ठोका पडला, म्हातारा हसला, आणि कोणा तरुणाचा, टॅगर्टचा, आवाज म्हणाला, झालं. रीळ संपले. असलमने कपाळ पुसले. "साठ वर्षांचा माल आहे," तो हळूच म्हणाला, "आणि माणूस आत्ता बोलल्यासारखा बोलतो."

मग त्याने भुकटी पुसली, रीळ उलटे केले, आणि कौतिकरावांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. खटका पडला. प्रथम नुसती खरखर, मग अंगणातली कोंबडी, मग जात्याची वरची पाळ नीट बसवताना दगडावर दगड. कौतिकरावांच्या कानांत रक्त इतक्या जोराने वाजत होते की त्यांना वाटले ते आपल्याला ऐकूच येणार नाही. पण आले. मायचा आवाज, तरणा, थोडा लाजरा, एकतीस वर्षांनी, रूफसच्या गाण्याची काळजी करत. "त्या बाबानं गानं पुसाई तं नही जाई ना रे?" आणि त्यावर लगेच, तिचे वाक्य पुरते संपूही न देता, एका पोराचा आवाज, भरघोस, शिकलेला, जराही न अडखळणारा. "नही व माय. दुसरी बाजू रिकामी शे. तू म्हन." पहिली मूठ जात्यात पडली. पाळ फिरली. आणि तिथे थर सुटला. तो सालीसारखा उचलला गेला, यंत्राच्या तोंडाशी गुंडाळला गेला, आणि पुढे नुसती पारदर्शक पट्टी सरसर धावू लागली, काचेसारखी स्वच्छ, तिच्यावर काहीही नसलेली. असलमने झडप घालून यंत्र थांबवले. दोघांनी मिळून तासभर खटपट केली. हाताला तपकिरी पूड लागली, दुसरे काही लागले नाही. असलमने शटर वर केले. बाहेर चांगलेच ऊन होते. "तो दुसरा आवाज कोणाचा?" त्याने विचारले, आणि मग मित्राच्या चेहऱ्याकडे पाहून तो चहा सांगायला निघून गेला.

रविवारी सकाळी, जळगावला, कौतिकरावांनी मृणालीला समोर बसवून तिला आजीचा आवाज ऐकवला. तिने तो तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना तिने वडिलांचा हात धरला. तिची बोटे गार होती. आत मिक्सरमध्ये दाणे तसेच पडून होते. मग त्यांनी डोरीनबाईंना पत्र लिहिले : जात्याबद्दल, फळीवरच्या डबीबद्दल, अर्ध्या आणि पूर्ण रस्त्याबद्दल, आणि 'ऊन लागलं असेल' या तीन शब्दांबद्दल. काही वगळले नाही. सोबत संगणकावर उतरवलेले दोन्ही आवाज जोडले. तळाशी, प्रयोगवहीत लिहायची सवय होती तसे, निरीक्षण लिहिले.

रूफस : ३ मिनिटे ४८ सेकंद. झुंबरबाई : ११ सेकंद, पैकी ५ माझे.